उष्टा मास्क

मला किळस फार लवकर येते. बसच्या खिडकीखाली वाळलेली गुटख्याची पिंक, बेसिनच्या जाळीत अडकून फुगलेलं शीत, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस. एवढं दिसलं तरी मी तोंड फिरवते. नवा रायपूरच्या ज्या सरकारी ऑफिसात मी काम करते, तिथल्या जिन्याच्या कोपऱ्यांत लोकांनी थुंकू नये म्हणून कुणीतरी देवादिकांच्या टाइल्स बसवल्या आहेत. लोक दोन देवांच्या मधल्या जागेत नेम धरून थुंकतात. मी जिन्याच्या बरोबर मधून चढते आणि कठड्याला बोट लावत नाही. ऑफिसातल्या बाया मला नाकानं कांदे सोलणारी म्हणतात. म्हणोत.

अशा बाईच्या संसारात नवऱ्याचं ते झोपेचं मशीन आलं.

नवरा रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या कारखान्यात मेंटेनन्सचा फिटर आहे. तो पहिल्यापासून घोरायचा. घोरतो म्हणजे माणूस गाढ झोपला, कष्टाची झोप आहे, असंच आम्ही समजत होतो. एका हिवाळ्यात रात्रपाळी करून सकाळी परत येताना त्याला मोटारसायकलवर डुलकी लागली आणि तो रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरच्या मागच्या बाजूला जाऊन धडकला. हँडल वाकलं, समोरचा अर्धा दात गेला, बाकी माणूस शाबूत. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून सांगितलं की घोरता घोरता याचा श्वास अडतो, पुन्हा पुन्हा अडतो, आणि रात्रभर झोपूनही शरीर जागंच राहतं. मग ते मशीन आलं. उशाशी एक डबा, त्यातून निघालेला लांब पाइप, पाइपाच्या टोकाला नाकावर बसणारा मऊ सिलिकॉनचा मास्क. मशीन हवा ढकलत राहतं, त्यामुळे घसा मिटत नाही.

डॉक्टर माझ्यासमोरच बोलले होते: जेव्हा जेव्हा झोपाल तेव्हा तेव्हा हे लावायचं, नाही लावलं तर मोटारसायकल बंद, आणि कारखान्यात उंचावर चढणंही बंद. फिटरनं चढायचं नाही म्हणजे घरी बसायचं. थोडक्यात काय, नवऱ्याचा जीव आणि नोकरी, दोन्ही त्या तळहाताएवढ्या मास्कावर आलं.

आता तो मास्क धुणार कोण? अख्ख्या कारखान्याची मशीनं साफ करणाऱ्या माणसाचं घरचं मशीन अर्थातच माझ्या वाट्याला आलं.

ज्यांनी तो मास्क वापरून झाल्यावर हातात धरला नाही, त्यांना मी काय सांगणार. सात-आठ तासांच्या झोपेत चेहऱ्याचं सगळं तेल त्या सिलिकॉनवर उतरतं आणि पिवळट, चिकट साय धरते. तिच्यात दाढीचे दोन-तीन खुंट रुतलेले असतात. एका कडेला लाळेचा पांढरा पापुद्रा. पाइपात आतून पाण्याचे थेंब, आणि ते नुसतं पाणी नाही हे मला नको तितकं ठाऊक. मशीनला पाण्याची एक डबी असते, हवा कोरडी पडू नये म्हणून. पहिल्या आठवड्यात मी उरलेलं पाणी तसंच ठेवून वरून नवीन भरत गेले. मग एका सकाळी डबीच्या तळाला बोट लागलं तर बुळबुळीत, गुलाबी थर. शेवाळाचा रंग हिरवा असतो, हे गुलाबी काय होतं? त्या दिवशी मी डबा न नेता ऑफिसला गेले, जेवण गेलंच नसतं.

तरी मी धुतला. पण माझ्या पद्धतीनं. ज्या सिंकमध्ये मी डाळ धुते तिथं हे येणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. धुणं बाथरूममध्ये, कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घालून, पापड भाजायच्या जुन्या चिमट्यानं मास्क उचलून. बादलीत जंतुनाशकाचं झाकणभर औषध, तेच जे फरशी पुसायच्या पाण्यात टाकते. मग मास्क आणि पाइप तिथंच नळाला लटकवायचे. शेजारी फरशीचा पोछा लटकलेला असायचा, पण त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. स्वयंपाकघर वाचलं होतं ना.

नवरा मास्क लावताना डोळे मिटायचा. त्या औषधानं नाक जळत असणार. बोलला कधी नाही.

बोलली माझी आई. मी एकुलती एक, म्हणून वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. वडील रेल्वेत होते, गोंदियाकडून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. आई हॉलमधल्या लाकडी तख्तावर बसून घरातलं सगळं बघते. बाथरूमकडे निघालेली माझी वरात तिच्या समोरूनच जायची: पुढे चिमटा, चिमट्यात मास्क, हात शक्य तेवढा लांब.

एका रविवारी तिनं मला थांबवलं. "काहून चिमट्यानं धरून राहिली तू त्याले? साप हाये का तो?"

मी म्हटलं, स्वच्छता आहे ही, जंतू असतात.

"लोकं आपल्याले असेच धरत होते," ती म्हणाली. "पाणी वरून टाकत. मले ठाऊक हाये कसं वाटते ते."

मला भयंकर राग आला. आईचं प्रत्येक बोलणं शेवटी गावच्या त्या विहिरीवर जाऊन पोचतं जिला आमच्या जातीनं शिवायचं नव्हतं, आणि तिथं पोचलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. मी म्हटलं, ती जात होती, हा शेंबूड आहे. दोन्ही एका तराजूत तोलू नकोस.

"धरणाऱ्याले फरक असन," आई म्हणाली. "ज्याले धरलं त्याले एकच वाटते."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. नवरा आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. दार उघडंच होतं.

त्यानंतर चारेक दिवसांनी नवऱ्यानं सांगितलं की उद्यापासून मास्क तो स्वतः धुईल, मी त्याला हात लावायची गरज नाही. मी किती खूश झाले हे सांगायला आज लाज वाटते. कुठे धुणार, कशानं धुणार, काही विचारलं नाही. आंधळा मागतो एक डोळा, आणि इथं दोन मिळाले होते. त्याची तेव्हा सलग रात्रपाळी होती. सकाळी घरी येऊन नऊच्या सुमारास झोपायचा, तोवर मी ऑफिसच्या बसमध्ये बसलेली असायची. मशीनकडे माझी नजर जायची ती सुटीच्या दिवशी. तेव्हा मास्क कोरडा ठणठणीत, पाइपात थेंब नाही. मी आईला मुद्दाम दाखवलं, बघ, म्हटलं, मशीनचं काम मशीनवाल्यालाच जमतं.

दोन महिने गेले असतील. नवऱ्याला खोकला लागला. कफ काळसर पडायचा. आता हे दुसऱ्या गावात झालं असतं तर घर हादरलं असतं. आमच्याकडे खिडक्या बंद ठेवूनही कारखान्यांच्या काजळीनं पोछ्याचं पाणी रोज शाईसारखं निघतं, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया संध्याकाळी झटकून घ्याव्या लागतात, आणि सिलतऱ्यात काम करणाऱ्या माणसाचा कफ काळा नसेल तरच लोक चौकशी करतील. मी काढा केला, हळद दिली. मग त्याचं सकाळी डोकं दुखायला लागलं. मग तो झोपेत मास्क काढून फेकू लागला, आणि शेवटी एक दिवस त्यानं मशीनचं बटणच दाबलं नाही.

"हे मशीनच मले बिमार करून राहिलं," तो म्हणाला.

मी समजावलं, आई बोलली, उपयोग शून्य. तिसऱ्या दिवशी तो सकाळी वेळेवर आला नाही. मी बस सोडली आणि दारात उभी राहिले. दीड तासानं आला. रस्त्यात डोळे मिटायला लागले म्हणून एका चहाच्या टपरीवर थांबला, आणि ग्लास हातात धरून बसल्या बसल्या झोपला. टपरीवाल्यानं हलवून उठवलं, तेव्हा चहा मांडीवर सांडलेला. हे तो हसत सांगत होता. मला त्याचा तो अर्धा दात दिसत होता. टपरीपर्यंत पोचला नसता तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी त्याची टिफिनची पिशवी धुवायला घेतली. एरवी तो डबा काढून द्यायचा, पिशवी मीच कधी उघडत नव्हते. आत हात घातला तर पोळ्यांच्या डब्याला चिकटून एक पॉलिथिन. पॉलिथिनमध्ये मास्क, गुंडाळलेला पाइप आणि मशीनची हवा गाळायची जाळी. शेजारी भेंडीच्या भाजीची उघडी पडलेली डबी. तेल ओघळून पॉलिथिनच्या आत शिरलेलं. नाकात घालायची वस्तू आणि तोंडात घालायची वस्तू एका पिशवीत सिलतऱ्याला रोज जाऊन येत होत्या. मला कोरडी उलटी आली. कशीबशी सावरून मी पाइपाच्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळं झालं. नुसतं काळं नाही, तेलकट. वास घेतला तर गॅरेजमध्ये येतो तसा.

मी ते बोट तसंच समोर धरून नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिले.

"प्लांटमध्ये एअर मारतो," तो म्हणाला.

त्याच्या कारखान्यातली ही रीत मला ऐकून माहीत होती. पाळी संपली की सगळे कॉम्प्रेसरचा होज, म्हणजे हवेची नळी, हातात घेतात आणि अंगावर हवा मारतात. कपडे, केस, बूट, मोटारसायकलची जाळी, कुणी कुणी जेवणाचा डबासुद्धा. हवा मारली की वस्तू साफ झाली, हा तिथला अलिखित नियम. आणि एकदा सगळे असं करतात म्हटल्यावर कुणी विचार करत नाही. पण त्या होजमधून नुसती हवा येत नाही. कॉम्प्रेसरचं तेल येतं, टाकीत साचलेलं पाणी येतं, नळ्यांचा गंज येतो. हे मला कुणी सांगितलं? यानंच. कॉम्प्रेसरच्या टाकीचं काळं पाणी रोज सोडावं लागतं, नाहीतर ते पुढे जातं, हे याच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलंय. ते पाणी सोडण्याचं काम याच्याकडेच होतं.

मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं का यात काय काय येतं ते?

"माहीत हाये," तो म्हणाला. "मले वाटलं, एवढ्याशा पाइपात काय जाईन."

"मग घरी धुवायला काय झालं होतं? पाणी नव्हतं घरी?"

तो चादरीवरचं काहीतरी झटकायला लागला. मग म्हणाला, "तुले किळस येते ना. म्हटलं, घरात दिसाच नको."

बोट अजून काळंच होतं. त्या क्षणी मला किळस नेमकी कशाची येत होती हे मलाच धड कळेना. पाइपाची होती, भेंडीच्या तेलाची होती, नवऱ्याच्या अडाणीपणाची होती, आणि माझी स्वतःची होती. ही शेवटची नवीन होती. शरम म्हणावी तर ती इतकी ओंगळ नसते. मी बाथरूममध्ये जाऊन बोट तीनदा साबणानं धुतलं. आई तख्तावरच होती. ती माझ्या त्या बोटाकडे बघत होती, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, औषध दिलं, आणि म्हणाले की दोष मशीनचा नाही, त्यातून जे आत गेलं त्याचा आहे. साफ करून घ्या आणि लावायला सुरुवात करा. मग आम्ही मशीन घेतलं होतं त्या दुकानात गेलो. तिथली टेक्निशियन पंचविशीची मुलगी. तिनं पाइप उजेडात धरला, आत पाहिलं, नाकाजवळ नेला आणि तोंड असं काही वाकडं केलं की मला तिचा राग आला. माझा नवरा समोर उभा होता. हेच तोंड मी त्याच्यासमोर रोज करत होते, पण तेव्हा ते मला दिसत नव्हतं.

एअर मारल्याचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. मग मी घरी कसं धूत होते ते तिनं विचारलं. मी सांगितलं, जरा अभिमानानंच.

"दीदी, फिनाइल-विनाइल भी मत डालिए," ती म्हणाली. "भैया की साँस में वही जाएगा."

म्हणजे आगीतून फुफाट्यात. आधी मी त्याला फरशीचं औषध हुंगवत होते, मग त्यानं स्वतःच कॉम्प्रेसरचं तेल हुंगलं. पाइप, जाळी आणि मास्कची गादी तिनं टाकूनच द्यायला लावली, मशीन आतून तपासून पुसून दिलं आणि सगळं समजावलं. त्यात इतकं काही नव्हतंच, याचीच मला चीड आली. आधी मशीनची वायर काढायची. मास्क रोज कोमट पाण्यात, भांड्यांच्या साध्या साबणाच्या एका थेंबानं, बोटांनी चोळून धुवायचा. सुगंधी काही नको, जंतुनाशक नको. पाइप आठवड्यातून एकदा तसाच, साबणाचं पाणी आतून खळखळवून, मग साबण पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्यानं. वाळवायचं सावलीत, उन्हात सिलिकॉन खराब होतं. डबीतलं पाणी रोज उठल्यावर ओतून टाकायचं. भरायचं ते डिस्टिल्ड, आणि नवऱ्याकडे बघून ती खास म्हणाली की औषधाच्या दुकानातलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं नाही. नवरा खाली बघू लागला. त्यावरून तो आजवर कुठलं पाणी भरत होता ते मला कळलं. जाळी काळी पडली की बदलायची, आणि आपल्या गावात ती पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच काळी पडणार. पट्टे धुवायचे. एकाचा मास्क दुसऱ्यानं वापरायचा नाही, चुकून वापरलाच तर आधी धुवायचा.

त्या आठवड्यापासून मास्क स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आला. भांडी सगळी बाजूला काढून, सिंक आधी घासून, नंतर घासून, आणि हातमोजे न घालता. ती पिवळी साय अंगठ्याखाली सरकते तेव्हा अजूनही माझ्या मानेवर काटा येतो. किळस गेली असं मी लिहिणार नाही, कारण ती गेलेली नाही. फक्त आता मी श्वास रोखून लवकर लवकर चोळते, आणि तोंड खिडकीकडे ठेवते, म्हणजे ते कुणाला दिसू नये.

नवऱ्यानं नवी गादी बसवलेला मास्क आठ-दहा दिवस लावला. खोकला बसत आला होता. मग एका शनिवारी सकाळी, रात्रपाळी करून आल्यावर, त्यानं मास्क नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"तेलाचा वास येऊन राहिला," तो म्हणाला.

वास नव्हता. मी स्वतः धुतला होता, काल पाइपही धुतला होता. मी सांगितलं, हुंगून दाखवलं. तो ऐकेना. तो नाटक करत नव्हता, घाबरला होता; छातीत पुन्हा काळं साचेल याची त्याला खरीच भीती बसली होती. आणि मला भीती होती टपरीची, म्हणजे टपरी न लागणाऱ्या सकाळची. रात्री पुन्हा ड्यूटी होती. त्याचे डोळे लाल झाले होते, बोलता बोलता मान पुढे पडत होती. उशीला टेकला की तो तसाच झोपला असता.

मी मशीन सुरू केलं, पट्टे सैल केले आणि मास्क माझ्या नाकावर बसवला.

पट्ट्यांना त्याच्या घामाचा आणि केसांच्या तेलाचा आंबूस वास होता, ते धुवायचे मी विसरले होते. हवा अशी काही नाकात घुसली की मी घाबरून तोंड उघडलं आणि ती तोंडातून भसकन बाहेर आली. डोळ्यांत पाणी आलं. आत कुठेतरी त्याचा गाल माझ्या गालाला लागतोय असं वाटलं, आणि तो गाल ओला होता. मी तोंड घट्ट मिटलं आणि पाच श्वास घेतले. आई तख्तावरून वाकून बघत होती, नवरा बघत होता. पाच मोजून मी मास्क काढला आणि सांगितलं की काही वास नाही, पट्टे तेवढे आत्ता धुऊन टाकते.

त्यानं माझ्या हातातून मास्क घेतला. मला वाटलं, लावेल. तो उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. मी मागे गेले. त्यानं कोमट पाणी घेतलं, साबणाचा एक थेंब टाकला आणि मास्क अंगठ्यानं आतून बाहेरून चोळायला लागला, फिटरच्या हातानं, एकही कड न सोडता.

माझ्या चेहऱ्याला जणू कुणी चटका दिला. दोन मिनिटांपूर्वी ते माझ्या नाकावर होतं. मी म्हटलं, "मी उष्टा केला म्हणून तुम्ही धुऊन राहिले का?"

"नाही वं," तो मान वर न करता म्हणाला. "त्या पोरीनं सांगतलं होतं ना, दुसऱ्यानं घातला तर धुवाचा म्हणून."

अगदी खरं होतं. तिनं सांगितलं होतं, मीही ऐकलं होतं, आणि तो बरोबर तेच करत होता. त्यानं मास्क स्वच्छ फडक्यानं टिपला, पंख्याखाली ठेवला. तोवर मी पट्टे धुऊन पिळून आणले. ते वाळेपर्यंत झोप लागू नये म्हणून तो खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. मग मास्क लावला आणि दुपारी चारपर्यंत झोपला, एकदाही श्वास न अडता. मी दारात बसून होते. तो काही चुकला नव्हता हे मला पूर्ण कळत होतं, तरी मला वाईट वाटणं थांबत नव्हतं. मशीन आल्यापासून आठ महिने हे त्याला रोज वाटत होतं. मी दोन मिनिटांत जे विचारून मोकळी झाले, ते त्यानं मला एकदाही विचारलं नव्हतं.